जुना शिफ्टर, नवी कॅसेट: सायकलचे कोणते पार्ट एकमेकांशी जमतात?

आजचा एपिसोड सायकलवर आहे, पण राईडवर नाही आणि कोणती सायकल घ्यावी यावरही नाही. आज बोलायचंय ते पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली उभ्या असलेल्या गिअरच्या सायकलवर. तिचा एक पार्ट गेलेला असतो. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, "हा पार्ट आता येत नाही, सगळा सेट बदलावा लागेल." सेटची किंमत ऐकून आपण घरी येतो आणि सायकलवर धूळ बसत राहते.

"सगळा सेट बदला" हे काही वेळा खरं असतं. पण बऱ्याच वेळा नसतं. ते कधी खरं आणि कधी नाही, हे ठरवायला मेकॅनिक असावं लागत नाही. शाळेतला गुणाकार पुरतो. तो गुणाकार कसा करायचा, एवढंच आज सांगणार आहे.

ऐकताना आकडे निसटतात, म्हणून नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून दिलंय. गाडी चालवत ऐकत असाल तर आकड्यांकडे लक्ष देऊ नका, नंतर इथे येऊन बघा.

गिअर बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या चाकाला चकत्यांची उतरंड असते, तिला कॅसेट म्हणतात. चेन या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा, खाली लोंबणारा जो हात असतो तो डिरेलर. हँडलवर बोटाने दाबतो तो शिफ्टर. शिफ्टर आणि डिरेलर यांच्यामध्ये एक पातळ स्टीलची वायर.

शिफ्टर 'टक्' वाजला की तो वायर ठरावीक मिलिमीटर ओढतो. वायर ओढली गेली की डिरेलर आडवा सरकतो. तो जेवढा सरकला, तेवढंच अंतर दोन चकत्यांमध्ये असेल तर चेन बरोब्बर पुढच्या चकतीवर बसते. नसेल तर खडखड, घसरणं, कधी दोन चकत्यांच्या मध्ये अडकणं.

म्हणजे गणित असं: शिफ्टर ओढतो ती वायर, गुणिले डिरेलरचं गुणोत्तर, बरोबर दोन चकत्यांमधलं अंतर. गुणोत्तर म्हणजे वायर एक मिलिमीटर ओढली तर डिरेलर किती मिलिमीटर सरकतो तो आकडा.

हे तीन आकडे जुळले की गिअर चालतात. पार्टवर कोणतं साल आहे किंवा तो किती चकचकीत आहे, याने गिअरला फरक पडत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक सायकलींना फ्रिक्शन शिफ्टर असायचा. त्यात 'टक्' नाही. रेडिओचा जुना बटणवाला ट्यूनर फिरवतात तसा लिव्हर हळूहळू सरकवायचा, चेन चढल्याचा आवाज आला की थांबायचं. कोणती चकती कुठे आहे हे चालवणाऱ्याच्या हाताला आणि कानाला माहीत असायचं. त्यामुळे कुठलाही शिफ्टर कुठल्याही डिरेलरबरोबर चालायचा.

१९८४ मध्ये शिमॅनोने ड्युरा-एस ७४०० ही मालिका आणली. त्यात टप्प्याटप्प्याने सरकणारा शिफ्टर होता, मागे ६ चकत्या. ही पद्धत नीट चालली आणि पुढे सगळीकडे पसरली. पण यात एक गोष्ट बदलली. चकती कुठे आहे ही माहिती आता माणसाच्या हाताऐवजी शिफ्टरच्या आतल्या दातांमध्ये गेली. शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट यांना एकमेकांचे आकडे आधीच माहीत असणं गरजेचं झालं. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर तीन मॉड्यूल आले आणि त्यांच्यात एक ठरलेला इंटरफेस आला. जमणं, न जमणं ही भानगड तिथून सुरू झाली.

आता आकडे

हे शिमॅनोचे आकडे, कारण आपल्याकडच्या गिअरच्या सायकलींवर बहुतेक वेळा तेच पार्ट दिसतात. सगळे आकडे थोडे गोळाबेरीज आहेत, त्यामुळे गुणाकारात दशांशाचा थोडाफार फरक येईल.

- ७-स्पीड: वायर २.९ मिमी, गुणोत्तर १.७, चकत्यांमधलं अंतर ५.० मिमी
- ८-स्पीड: वायर २.८, गुणोत्तर १.७, अंतर ४.८
- ९-स्पीड: वायर २.५, गुणोत्तर १.७, अंतर ४.३५
- १०-स्पीड रोड: वायर २.३, गुणोत्तर १.७, अंतर ३.९५
- १०-स्पीड एमटीबी: वायर ३.४, गुणोत्तर १.२, अंतर ३.९५
- ११-स्पीड रोड: वायर २.७, गुणोत्तर १.४, अंतर साधारण ३.७
- ११-स्पीड एमटीबी: वायर ३.६, गुणोत्तर १.१, अंतर ३.९

स्पीड म्हणजे इथे फक्त मागच्या चकत्यांची संख्या. सायकलवर '२१-स्पीड' लिहिलं असेल तर पुढे ३, मागे ७. आपल्या कामाचा आकडा ७.

यादीतल्या पहिल्या चार ओळी बघा. सगळ्यांचं गुणोत्तर १.७. याचा अर्थ ७, ८, ९ आणि १०-स्पीड रोड यांचे मागचे डिरेलर सहसा एकमेकांच्या जागी चालतात. डिरेलरला आपल्याकडे किती चकत्या आहेत हे कळत नाही. मोजणी शिफ्टर करतो, डिरेलर फक्त वायरीचं ऐकतो. म्हणून जुना ८-स्पीडचा डिरेलर मोडला आणि बाजारात ९-स्पीडचा मिळाला, तर तो लावा. दोघांच्या मध्ये १.७ चा करार आहे. जुन्या ड्युरा-एसच्या ७४०० मालिकेचं गुणोत्तर मात्र वेगळं होतं, ती या हिशोबात धरू नका.

सातवर आठ: थोडी चूक चालते

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हा. २१-स्पीडची सायकल, सातचा शिफ्टर तुटला, आणि दुकानात आठचाच आहे.

गणित करू. आठचा शिफ्टर दर टकला डिरेलर ४.८ मिमी सरकवणार. सातच्या चकत्यांमध्ये अंतर ५.० मिमी. दर टकला ०.२ मिमी कमी. सात चकत्यांवर जायला सहा टक लागतात, म्हणजे टोकापर्यंत एकूण १.२ मिमीची तूट.

आता युक्ती अशी, की पहिल्या चकतीवर सेटिंग करायचं नाही. मधल्या, म्हणजे चौथ्या चकतीवर अचूक बसवायचं. मग चूक दोन्ही बाजूंना वाटली जाते, प्रत्येक टोकाला ०.६ मिमी. शिमॅनोच्या डिरेलरमधली वरची छोटी पुली थोडी आडवी हलते, मुद्दाम तशी बनवलेली असते. चेनही थोडी वाकते. एवढी चूक ती दोघं पचवतात. शिफ्टरवर एक टक जास्तीचा उरतो, तो लिमिट स्क्रूने बंद करायचा. गिअर लोण्यासारखे पडणार नाहीत, पण कॉलेजला जायला सायकल ठणठणीत.

आता तोच शिफ्टर ९-स्पीड कॅसेटवर लावून बघू. दर टकला ४.८ ऐवजी ४.३५ हवेत, म्हणजे ०.४५ ची चूक. सात टकांत ती ३.१५ मिमी होते. मधोमध वाटली तरी टोकाला दीड मिमीपेक्षा जास्त. एवढं पुली पचवू शकत नाही, शिवाय नववी चकती शिफ्टरला माहीतच नाही. हे नाही जमणार.

नाव एक, करार वेगळा

इथे लोक फसतात. फोनच्या टाइप-सी केबलचं उदाहरण घ्या. टोक सारखं दिसतं, पण एक केबल फक्त चार्ज करते आणि दुसरीतून डेटाही जातो. सायकलमध्ये 'टेन-स्पीड' हा शब्द तसा आहे.

शिमॅनोची टियाग्रा ४७०० ही रोड मालिका १०-स्पीड आहे. आधीची टियाग्रा ४६०० पण १०-स्पीडच. नाव तेच, चकत्या तेवढ्याच. पण ४७०० च्या डिरेलरचं गुणोत्तर ११-स्पीड रोडसारखं, म्हणजे १.४ आहे. जुन्या शिफ्टरला हा नवा डिरेलर जोडलात तर २.३ गुणिले १.४, म्हणजे ३.२ मिमी. हवेत ३.९५. दर टकला पाऊण मिमी कमी. दोन्ही डब्यांवर 'टियाग्रा, १०-स्पीड' लिहिलंय, तरी जमणार नाही.

उलटही होतं. ९-स्पीड एमटीबीचा डिरेलर आणि १०-स्पीड रोडचा शिफ्टर. एक डोंगराचा, एक रस्त्याचा, एकावर ९, दुसऱ्यावर १०. दुकानदार बघताक्षणी नाही म्हणेल. पण २.३ गुणिले १.७ म्हणजे ३.९. जमतं. टुरिंगवाले अनेक वर्षं हीच जोडी वापरत आलेत.

मग कंपनीने गुणोत्तर बदललं तरी कशाला? नवे पार्ट खपवायला, असं म्हणणं सोपं आहे, पण तांत्रिक कारणही आहे. २०१० च्या सुमारास शिमॅनोने एमटीबीच्या १०-स्पीडसाठी २.३ ऐवजी ३.४ मिमी वायर ओढायचं ठरवलं. वायरीच्या नळीत चिखल, गंज, धूळ असते आणि त्यात थोडी ओढ वाया जाते. दर टकला जास्त वायर ओढली, की वाया गेलेल्या तेवढ्याच ओढीचा परिणाम कमी होतो. गिअर जास्त दिवस अचूक राहतात. फायदा खरा आहे. जुन्या सायकलवाल्याला त्याची किंमत मोजावी लागली, हेही खरंच आहे.

यवतेश्वरचा घाट

आता एक पूर्ण उदाहरण. माझी मावसबहीण साताऱ्याला असते. तिच्याकडे एक जुनी रोड बाईक आहे, ९-स्पीड. पुढे ५० आणि ३४ दात, मागे १२ ते २५ ची कॅसेट. तिला कासला सायकलवर जायचं होतं. साताऱ्याहून कासला जायचं तर सुरुवातीलाच यवतेश्वरचा घाट लागतो, आणि तिथे तिला दर वेळी उतरून चालावं लागायचं. गुडघे दुखायचे ते वेगळं.

दुकानात तिने हलका गिअर मागितला. उत्तर आलं, या डिरेलरवर मोठी चकती बसत नाही, नवीन ११-स्पीडचा पूर्ण सेट घ्या. तो सेट तिची सायकल विकून जेवढे आले असते त्याहून महाग होता. काका म्हणाले, "विकून टाक ती, स्कूटी घे." तिने मला फोन केला, "दादा, खरंच दुसरा इलाज नाही का?"

दुकानदाराचं पहिलं वाक्य बरोबर होतं. तिचा रोडचा डिरेलर मोठ्या चकतीखाली जाऊ शकत नव्हता. दुसरं वाक्य बरोबर नव्हतं. सगळ्यात महाग पार्ट म्हणजे हँडलवरचे ब्रेक-शिफ्टर, आणि ते ठणठणीत होते. ते ९-स्पीडचे, वायर २.५. त्यांना १.७ गुणोत्तराचा, पण लांब हाताचा डिरेलर हवा होता. असा डिरेलर ९-स्पीड एमटीबीमध्ये, अल्टस किंवा अलिव्हिओमध्ये मिळतो, आणि तो महाग नसतो.

मग क्षमता तपासली. डिरेलरने चेनचा किती ढिलेपणा गोळा करायचा, त्याचं गणित: पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या चकतीतला फरक. ५० वजा ३४ म्हणजे १६. नवी कॅसेट ११ ते ३४ ची, म्हणजे २३. एकूण ३९. लांब हाताच्या एमटीबी डिरेलरची क्षमता सहसा ४० च्या वर असते. बसतंय.

म्हणजे तीन पार्ट घेतले: ९-स्पीडची ११-३४ कॅसेट, ९-स्पीडचा एमटीबी डिरेलर आणि ९-स्पीडची नवी, जास्त लांब चेन. शिफ्टर, क्रँक, चाकं, ब्रेक सगळं जुनं. त्याच दुकानातल्या काकांनी बसवून दिलं. आधी कुरकुरले, मग पार्ट हातात घेऊन म्हणाले, "दोन्ही नऊच ना? मग बसेल की."

फरक काय पडला ते आकड्यात सांगतो. आधी सगळ्यात हलका गिअर ३४ ला २५, म्हणजे १.३६. आता ३४ ला ३४, म्हणजे १. चढावर ताशी साडेसात किलोमीटरने जायचं असेल तर आधी मिनिटाला साधारण ४४ वेळा पॅडल मारावं लागायचं, आता ६० वेळा. वेग तोच, पण प्रत्येक पॅडलला लागणारा जोर पाव हिश्शाहून जास्त कमी. गुडघ्याला हाच फरक कळतो. ती घाट चढली, न उतरता, आणि पुढे कासपर्यंत गेली. सायकल अजून तिच्याकडेच आहे.

दुकानदाराच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पूर्ण सेट एकमेकांशी जमतो याची खात्री कंपनी देते. मिश्र जोडी बिघडली तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येऊन भांडतं. म्हणून तो सावध असतो. आपण आकडे घेऊन गेलो, तर त्याचंही काम सोपं होतं.

चेन आणि हब

वायरीचं गणित जुळलं तरी दोन गोष्टी तपासायच्या राहतात.

पहिली, चेन. चेनच्या कड्यांची लांबी सगळीकडे सारखीच, पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच. बदलते ती बाहेरची रुंदी. ८-स्पीडची चेन साधारण ७.१ मिमी, ९ ची ६.६, १० ची ५.९, ११ ची ५.५ च्या आसपास. चकत्या वाढल्या, जागा कमी झाली, म्हणून चेन बारीक झाली. त्यामुळे ९ ची चेन ८ च्या कॅसेटवर चालते. ८ ची चेन ९ च्या कॅसेटवर शेजारच्या चकतीला घासते. साधा नियम: चेन कॅसेटप्रमाणे घ्या. आणि चेन जोडणारी क्विक लिंक चेनच्याच स्पीडची हवी, इथे जुगाड नको.

नवी कॅसेट घेतली तर जुनी झिजलेली चेन तिच्यावर चढवू नका, ती नव्या चकत्या खाते. झीज मोजायला १२ इंची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये १२ इंचावर पिनचा मध्य येतो. तो अर्धं सूत पुढे गेला तर चेन बदला. पूर्ण सूत पुढे गेला असेल तर बहुतेक कॅसेटही गेलेली असते.

दुसरी गोष्ट, हब. स्वस्त ७-स्पीड सायकलींमध्ये मागच्या चकत्या आट्यांवर फिरवून बसवलेल्या असतात, त्याला फ्रीव्हील म्हणतात. महागात खाचांवर सरकवून बसणारी कॅसेट असते. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कॅसेटवाल्या हबवर ८, ९ आणि १० या तिन्ही एकाच जागी बसतात. ११-स्पीड रोडसाठी हबची ही जागा १.८५ मिमी लांब असते. त्या हबवर जुनी कॅसेट बसवायची तर तेवढ्या जाडीची रिंग मागे टाका. उलट, ११ ची रोड कॅसेट जुन्या हबवर सहसा मावत नाही.

कुठे थांबायचं

९-स्पीडच्या शिफ्टरला १०-स्पीड एमटीबीचा डिरेलर लावू नका. २.५ गुणिले १.२ म्हणजे ३ मिमी, हवेत ४.३५. आठ टकांत जवळजवळ ११ मिमी कमी, म्हणजे अडीच चकत्या. कितीही स्क्रू फिरवा, बसणार नाही. १२-स्पीडचे पार्ट जुन्यांशी जोडायच्या भानगडीत पडू नका. त्यांची चेन, चकत्या, आणि बऱ्याचदा हबसुद्धा वेगळा असतो. ब्रँड वेगळा असेल तर सांभाळून, स्रॅमच्या एमटीबी शिफ्टरची ओढ शिमॅनोपेक्षा वेगळी आहे.

२०२३ मध्ये शिमॅनोने क्यूज नावाची मालिका आणली. तिच्यात ९, १० आणि ११ स्पीडला एकच वायर-ओढ आणि एकच चेन आहे. आपसात जुळवणं सोपं, पण जुन्या पार्टशी ती जमत नाही. नवी सायकल घेताना चांगली गोष्ट, जुनी दुरुस्त करताना नाही.

आणि अगदीच काही जुळलं नाही, तर फ्रिक्शन शिफ्टर आजही मिळतो.

घरी जाऊन काय करायचं

सायकल बाहेर काढा, पुसा. मागच्या चकत्या मोजा. शिफ्टर आणि डिरेलरच्या मागे मॉडेल नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढा. मोठ्या आणि छोट्या चकतीचे दात मोजा. वरच्या यादीत आपली ओळ शोधा आणि गुणाकार करा. मगच दुकानात जा, आणि "काय बसेल?" विचारण्यापेक्षा "१.७ गुणोत्तराचा, लांब हाताचा, ९-स्पीडचा डिरेलर द्या" असं सांगा.

बसवल्यावर रस्त्यावर जायच्या आधी दोन तपासण्या. सायकल उभी करून पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवर चेन एकत्र टाकून बघा. चेन आखूड असेल तर ती डिरेलर उपटून काढेल, हे घाटात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना शिफ्टर जोराने दाबा. डिरेलर आऱ्यांच्या दिशेने गेला, तर लिमिट स्क्रू आवळायचाय. उतारावर डिरेलर आऱ्यांमध्ये गेला तर चाक जागच्या जागी थांबतं.

एवढंच. तुमच्या सायकलचे आकडे जुळत नसतील तर मॉडेल नंबर लिहून पाठवा, आपण मिळून गुणाकार करू. पुढच्या एपिसोडमध्ये ब्रेकच्या वायरीवर बोलू, तिथेही असाच एक घोळ आहे. तोपर्यंत, चेनला तेल घाला आणि सांभाळून चालवा.